आधी गेलेले दात

"पोरी, तेच ते मला परत वाचून दाखवू नगंस. दोनदा ऐकलं म्या. मी इचारतीया त्येवढं सांग. ज्याला दात न्हाईत त्योच दात मागनार का न्हाई? ज्याच्या तोंडात बत्तीस हायेत त्यो कशाला तुझ्या दारात यील?"

"मॅडम, मी आपली अडचण समजू शकते."

"समजतीस तर दे की मग!"

फोनच्या पलीकडच्या पोरीनं कळफलक बडवला. मागं आणखी धा-वीस पोरी अशाच गोड आवाजात कुणाकुणाची अडचण समजून घेत होत्या, त्याची गुणगुण ऐकू येत होती. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "विमा लागू होण्यापूर्वी जे दात गेलेले असतील, त्यांच्या जागी कवळी बसवण्याचा खर्च आपल्या योजनेत मिळत नाही. आपला विमा एक जानेवारीला लागू झाला. आपले दात ऑक्टोबरात काढलेत."

"आन् जानेवारीत काढलं असतं तर?"

"तर निम्मा खर्च मिळाला असता, मॅडम."

"म्हंजे अडीच म्हैनं मी गाल धरून वरडत बसले असते, तर तुमी दिलं असतं. फुकटात काढून आले, तुमचाच पैका वाचवला, म्हनून मी गुन्हेगार."

"आपण अपील करू शकता, मॅडम."

"आगं बये, ह्येच अपील हाय!"

"आणखी काही मदत करू शकते का?"

व्हेस्टा मलिन्सनं फोन टेबलावर असा आपटला की चुलीपाशी झोपलेलं कुत्रं उठून दाराबाहेर गेलं. सत्तर वर्षांची बाई, हाडापेरानं उंच, हात गडीमाणसासारखे. राग आला की ती दात खायची. आता खायला दातच नव्हते. हिरडीवर हिरडी दाबली तर नुसती कळ मस्तकात जायची, आणि रागाला वाट मिळायची नाही.

बशीत ताकात कुस्करलेला मक्याचा पाव होता. पाच महिने हेच. ताकातला पाव, शिजवून लगदा केलेल्या शेंगा, उकडलेला बटाटा. परड्यातल्या झाडाची सफरचंदं तिनं यंदा डुकराला घातली. डुक्कर कराकरा खायचं आणि ती कुंपणाशी उभी राहून बघायची. तिनं बशी मोरीत ठेवली, डोक्यावर हॅट चढवली आणि गाडी काढली. शुक्रवार होता, बाजाराचा दिवस. दहाला बोली सुरू होणार होती, आणि आज तिची परीक्षा होती.

व्हेस्टा गुरांच्या बाजारात बोली पुकारायची. मचाणावर बसायचं, खाली रिंगणात जनावर येतं, समोरच्या पायऱ्यांवर घेणारे बसतात, आणि हिनं माईकवरून आकड्यांचा पट्टा सोडायचा. बाप हेच करायचा. बारा वर्षांची असताना बापानं तिला आधी खोड्यापाशी उभी केली. खोड्यात गाय अडकवायची, नाकात बोटं घालून मान वर करायची, खालचा ओठ ओढायचा आणि दात बघायचे. पुढचे वरचे गायीला नसतातच, खालचे आठ. आठ जुळलेले असतील तर गाय भरल्या तोंडाची. एखाददुसरा पडला असेल तर तुटक्या तोंडाची. सगळेच गेले असतील तर बोळकी, आणि बोळकी गाय कसायाच्या गाडीत. त्या बाजाराचा दंडकच होता: तोंड बघितल्याबिगर गाय रिंगणात येणार नाही, आणि तोंडात काय आहे ते पुकारल्याबिगर बोली सुरू होणार नाही. कुणी लपवलं आणि मागनं निघालं, तर त्याचं जनावर पुन्हा त्या फाटकातून आत येत नसे. बापाचा शब्द होता, "गाय खोटं बोलत न्हाई, मानूस बोलतंय. म्हनून तोंड गाईचं बघायचं."

हजारो तोंडं बघितलेली ही बाई. आणि फसली कशी, तर गरम पाव आणि सॉसेजच्या ग्रेव्हीवर.

तिकडं पासष्टी उलटली की सरकार दवाखान्याचं कार्ड देतं. मेडिकेअर. काळीज बिघडलं तर बघतं, गुडघा झिजला तर बदलून देतं. पण दात म्हटलं की तोंड फिरवतं, जणू दात हा अंगाचा भाग नव्हेच, कानातल्या डुलासारखा वरनं घातलेला दागिना. मग दरसाल पानगळीला खाजगी कंपन्यांची माणसं गावोगाव फिरतात. तुमचं सरकारी कार्ड आमच्याकडं वळवा, दवाखाना तर बघतोच, वर दातही देतो. गावातल्या खानावळीत फुकट न्याहारी घालतात आणि सह्या घेतात.

त्या दिवशी न्याहारी घालणारा कुणी परका नव्हता. रॅन्डल स्कीन्स होता. चर्चमध्ये रविवारी दानाचं ताट फिरवणारा. लहानपणी व्हेस्टाच्याच हाताखाली बायबलमधले श्लोक पाठ केलेला. आता पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, विम्याचं दुकान, आणि बापाच्या रानात तीस गायी.

"व्हेस्टाकाकू, गाल सुजलाय की गं तुझा," तो तिच्या ताटात ग्रेव्ही वाढत म्हणाला होता.

"चौदा ऱ्हायल्यात तोंडात. त्यातले धा सडलेत. रातच्याला जीव जातोय."

"मंग ऐक माझं. पुढच्या शनवारी जत्रेच्या मैदानात फुकट दवाखाना लागतोय. काढायचे ते तितं काढून घे. एक पैसा न्हाई. जानेवारीत आपला विमा लागला की नवी कवळी बसव. दोन हजारापतुर कंपनी देतीया. हितं सही कर."

तिनं सही केली. तिच्यासारख्या वीसएक जणांनी केली.

त्या डोंगराळ मुलखात माणसं अशीच हिशेबी. फुकट मिळतंय ते फुकट घ्यावं, विकतचं मागाहून. दुसऱ्याचा पैसासुद्धा वाया घालवू नये, कंपनीचा का असेना. व्हेस्टानं शनिवारी उजाडायच्या आत रांग धरली. मनगटावर शाईनं नंबर लिहिला कुणीतरी. खुर्च्या मांडल्या होत्या गुरांच्या शेडमध्ये, जिथं दर श्रावण-भादव्याच्या सुमाराला ती पोरांच्या कालवडींची बोली पुकारायची, अगदी त्याच लाकडी कठड्याच्या आत. शहरातनं आलेला दातांचा तरुण डॉक्टर होता. मऊ हाताचा. त्यानं खालचा ओठ ओढला, बॅटरी मारली, आणि म्हणाला, "आजी, खालचे हे चार चांगले आहेत. हे राहू द्या. यांना धरून अर्धी कवळी बसेल."

आणि व्हेस्टा म्हणाली, "काढ. सगळेच काढ. अर्ध्याला कोन इचारतंय? जानेवारीत पुरी नवी येनार हाय."

पाऊण तासात चौदा दात पत्र्याच्या वाटीत पडले. त्यातले चार चांगले. हे चार आठवले की तिला रॅन्डलचाही राग यायचा नाही इतका स्वतःचा यायचा.

जानेवारीत तिनं पन्नास मैल गाडी हाकून कंपनीच्या यादीतला डॉक्टर गाठला. जवळचा यादीत नव्हता. त्यानं माप घेतलं, कंपनीला कागद धाडला, आणि फेब्रुवारीत उत्तर आलं. आधी गेलेले दात आमच्यात बसत नाहीत. चोपडीच्या एक्काहत्तराव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं होतं. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं म्हणून गप्प बसावं, तर ही धर्माची गायही नव्हती. हिचा हप्ता तिच्या पेन्शनीतून कापला जात होता.

दुसऱ्या वाटा तिनं धुंडाळल्या नाहीत असं नाही. नुसत्या दातांचा वेगळा विमा होता. त्यात कवळीसाठी आधी वर्षभर हप्ते भरत बसायचं, आणि 'आधी गेलेले' हे कलम त्यातही होतंच. गरिबांचं सरकारी कार्ड होतं. त्याच्या कमाईच्या हद्दीच्या ती जराशी वर निघाली, कारण शुक्रवारी बोली पुकारायचे पैसे मिळतात. म्हणजे बोली सोडली तर दात मिळणार, आणि दात नाहीत म्हणून बोली सुटणार. हा डाव कुणी मांडला असेल, त्याला समोर आणून खोड्यात घालावं, असं तिला वाटे.

बोली सुटायचीच वेळ आली होती. दात गेले की जिभेला टेकायला कुंपण राहत नाही. शब्द मोकाट ढोरासारखे तोंडातून बाहेर पडतात, कुठलं कुणाचं कळत नाही. तिला तर स्वतःचं नावही धड घेता येईना. सगळा हिवाळा तिनं फरफर, सळसळ करत बोली पुकारली. बाहेरगावचे व्यापारी कानाला हात लावून पुढं वाकायचे, मग कंटाळून कॉफी प्यायला जायचे. बोली पडायची ती गावातल्याच चार जणांवर, आणि भाव तिथंच बसायचा.

बाजाराचा मालक बर्ल रॅटलिफ तिच्याच वयाचा. मागल्या शुक्रवारी टोपी हातात फिरवत तिच्यासमोर उभा राहिला होता.

"व्हेस्टे, लोकं बोलाय लागल्यात."

"काय बोलत्यात?"

"गाय चांगली आन् भाव पडतोय, म्हनत्यात. पुढच्या शुक्रवारी वसंताचा मोठा बाजार. म्या टेनेसीचा एक जन बोलावलाय. पयला तास तुझा. गिऱ्हाइकाला तुझी बोली कळली, तर मचान तुझंच. न्हाई कळली, तर…"

"तर काय? बोल की. तोंडात दात हायेत न्हवं तुझ्या?"

बर्लनं टोपी घातली. "तर तू चिठ्ठ्या लिवायच्या, त्यो पुकारंल."

आज ती मचाणाची शिडी चढली तेव्हा तो टेनेसीवाला आधीच येऊन बसला होता, पायऱ्यांच्या पहिल्या ओळीत. पांढरी हॅट, तिशी-पस्तिशीचा, हसला की तोंडभर दात. तिला बघून तो अदबीनं उठला, हॅट काढली. त्याचाही तिला राग आला. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं.

पायऱ्या भरल्या होत्या. दूरदूरच्या गाड्या लागल्या होत्या. खोड्यावरच्या ड्युईनं गाभण गायींच्या चिठ्ठ्या वर धाडल्या. पहिल्याच चिठ्ठीवर नाव: रॅन्डल स्कीन्स. सहा गायी. चार भरल्या तोंडाच्या, दोन तुटक्या.

चिठ्ठी ती वाचतच होती, तोवर शिडी वाजली. रॅन्डलचं डोकं वर आलं.

"व्हेस्टाकाकू, एक सांगायचं हुतं."

"मला बी लई सांगायचंय. आदी तू सांग."

तो कंपनीचंच बोलेल, असं तिला वाटलं. माफी मागेल, निदान तोंड लपवेल. त्यानं आवाज खाली आणला आणि म्हणाला, "त्या दोन गायींचं तोंड तुटकं हाय. ते आदीच नीट पुकार, बरं का. खनखनीत. मागनं कुनी माझ्या दारात याया नगं. आपलं नाव हाय बाजारात."

व्हेस्टानं चिठ्ठी खाली ठेवली.

"रॅन्डल," ती म्हणाली, "गाईचं तोंड सांगाया तू शिडी चढून आलास. माझ्या तोंडाचं सांगाया तुला खुर्चीवरनं उठवलं न्हाई?"

"काकू, देवाशप्पत, मला ते कलम ठावं नव्हतं."

"तू इकत हुतास आन् तुला ठावं नव्हतं?"

"चोपडी दीडशे पानांची हाय गं. कोन वाचतंय?"

"गाय सहाशे किलोची असती. तरी ड्युई तिचा ओट वडून बगतोय न्हवं?"

"हे बघ, पुढल्या साली दुसरी योजना येतीया. त्यात मी तुझं…"

"खाली उतर."

"काकू, ऐकून तर घे."

"रॅन्डल, मचानावर बोली पुकारनारा चढतोय, इकनारा न्हाई. उतर, न्हाईतर हातुडी टाळक्यात घालीन."

तो उतरला. खाली ड्युईनं फाटकाचा आकडा काढला आणि वर बघितलं. हातोडी व्हेस्टाच्या हातातच होती. या बाजारात पुकारणाऱ्याच्या हाती एक गोष्ट असते, ती कुणी बोलत नाही पण सगळ्यांना ठाऊक असते. एखाद्याचा माल पाडायचा असेल तर हातोडी जरा लवकर मारायची. घेणारा अजून बोट उचलायच्या बेतात असतो तोवर टाण! गेली गाय. कुणाला सिद्ध करता येत नाही. सहा गायी. एकेकीवर तीनतीनशे डॉलर जरी खाली आणले, तरी तिच्या कवळीएवढा पैसा रॅन्डलच्या खिशातून गेला असता. हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला. आणि तो इतका गोड लागला की तिच्या बोळक्या तोंडाला पाणी सुटलं.

पहिली गाय आत आली. तांबडी, पोट खाली आलेली. मागच्या पुठ्ठ्यावर ड्युईनं निळी खूण केलेली. तुटक्या तोंडाची.

व्हेस्टानं माईक ओढला. आणि हिवाळाभर जे केलं ते आज तिनं केलं नाही. पट्टा सोडला नाही. आकड्यांच्या मधे पुकारणारे जे भरताड शब्द घालतात, ज्यांनी बोली ओढ्यासारखी वाहते, ते सगळे तिनं गिळून टाकले. एकेक शब्द हिरड्यांत धरून, चावून बाहेर टाकला.

"ही गाय. रॅन्डल स्कीन्सची. पाच म्हैन्याची गाभन. खालचे तीन दात गेल्यात." ती थांबली. "आदीच गेल्यात."

पायऱ्यांवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"घेनाऱ्याला आदी कळलं पायजे. हा बाजार हाय. हितं एक्काहत्तराव्या पानावर लिवत न्हाईत. हितं ओट वडून दाखवत्यात. रॅन्डलनं सोता वर येऊन मला सांगितलं, खनखनीत पुकार म्हनून. गाईच्या बाबतीत मानूस चोख हाय."

आता हसणं पसरलं, पण ते सगळंच हसणं नव्हतं. त्या न्याहारीला बसलेले पाचसात जण समोरच होते. त्यातला एक, वॉर्ड नावाचा म्हातारा, उठून उभा राहिला. त्यानंही त्याच शनिवारी त्याच शेडमध्ये सगळे काढून घेतले होते. त्यानं गालफडं मागं ओढून आपलं बोळकं साऱ्या बाजाराला दाखवलं आणि ओरडला, "माझं बी बगून घ्या! ड्युई, मला कुटली खून करतूस रं?"

"तुला कसायाची गाडी!" कुणीतरी मागनं म्हणालं.

"मला न्हाई! त्या इमेवाल्याला खोड्यात घाल आन् बग त्याच्या तोंडात काय हाय ते!"

रॅन्डल कठड्याला टेकून उभा होता. इस्त्रीच्या कॉलरीवर मान तांबडीलाल झाली होती. जायला वाट नव्हती, गायी त्याच्या होत्या.

बर्ल फाटकापाशी हात वर करून उभा राहिला, म्हणजे पुरे कर. व्हेस्टानं हातोडी लाकडावर आपटली. पायऱ्या गप्प झाल्या.

"बाराशे," ती म्हणाली.

आणि गप्प बसली.

अशी बोली तिथं कुणी ऐकली नव्हती. आकडा, आणि मग शांतता. शांततेत गाईचा श्वास ऐकू येत होता. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना पुढं वाकावं लागलं नाही. गप्प बसलेल्या बाईची नजर मात्र एकेकावरून फिरत होती, आणि ती नजर अशी होती की माणसाला बोट उचलून सुटका करून घ्यावीशी वाटे. एक बोट वर गेलं.

"बाराशे आले. तेराशे."

गप्प.

दुसरं बोट.

"तेराशे. चौदाशे."

हातोडी तिच्या मुठीत घामेजली. तेराशेवर पाडता आली असती. तो परगावचा जाडा व्यापारी अजून विचारच करत होता. पाडली असती तर कुणी काय म्हणणार होतं? रॅन्डलला ते ठाऊक होतं. तो तिच्या हाताकडंच बघत होता, तोंड उघडं टाकून. त्याला वाटत होतं, आता पडणार. तिच्या जागी तो असता, तर त्यानं तसंच केलं असतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं तिला वाचता आलं. मुंगीच्या अक्षरात नव्हतं ते.

तिला तिडीक आली. माझी हातोडी तुझ्यासारखी चालती म्हणतोस?

"चौदाशे," ती जाड्याकडं बघून म्हणाली. "तीन दात गेल्यात, पाच हायेत. पाच दातांची गाय हिरव्या चाऱ्यावर आजून तीन वेतं देती. मी सोता बिनदाताची हाय, मला इचार."

जाड्या हसला आणि बोट उचललं. मग गावातल्या एकानं. सोळाशे पन्नासला हातोडी पडली. तुटक्या तोंडाच्या गाईला गेल्या सबंध हिवाळ्यात एवढा भाव आला नव्हता. रॅन्डलच्या खिशात गेला तो. त्यानं मान हलवून आभार मानायचा प्रयत्न केला. व्हेस्टानं त्याच्याकडं न बघता चिठ्ठी खिळ्याला टोचली, अशी की चिठ्ठी थेट खिळ्याच्या बुडाशी जाऊन फाटली.

सहाच्या सहा तिनं तशाच विकल्या. आकडा, गप्प. आकडा, गप्प. पाठोपाठ दुसऱ्याच्या आठ, तिसऱ्याच्या अकरा. तास संपला तेव्हा हिरड्यांना आग लागली होती आणि ओठाच्या कडेला रक्त आलं होतं. ते तिनं बाहीला पुसलं.

बर्ल शिडीच्या दोन पायऱ्या चढून आला. "फार सावकास चाललीयास," तो म्हणाला. "अशानं दिवस मावळंल."

"मावळू दे. भाव पडला का?"

"न्हाई."

"बोली कळली का?"

त्यानं खाली बघितलं. टेनेसीवाल्यानं हॅट मांडीवर ठेवून दुसरी कॉफी मागवली होती.

"कळली," बर्ल म्हणाला. "त्या कंपनीच्या पोरीला सुदिक कळली आसंल." मग म्हणाला, "कवळीचं काय करनार?"

"सोमवारी परत फोन. मंगळवारी परत. अपिलाचं अपील असतं म्हनं. दात न्हाईत म्हनून मी चावत न्हाई, असं त्यांना वाटत आसंल, तर वाटू दे."

"आन् त्यांनी न्हाईच म्हटलं तर?"

"तर तुझ्या डोक्यावर बसून असंच पुकारीन मरूस्तवर. बाजूला हो, बर्ल, माझ्या आन् फाटकाच्या मदी उभा ऱ्हाऊ नगंस."

तो उतरला. खाली ड्युईनं पुढची चिठ्ठी काठीच्या टोकाला लावून वर सरकवली. व्हेस्टानं ती वाचली, घोटभर पाणी हिरड्यांवर फिरवून खालच्या डब्यात थुंकलं आणि माईक ओढला.

"फाटक उघड. काळी गाय. भरल्या तोंडाची. आठच्या आठ."

ती थांबली. गाय रिंगणात आली, उजेडात डोळे मिचकावत फिरली.

"दोन हजार," व्हेस्टा म्हणाली, आणि गप्प बसून एकेकाकडं बघायला लागली.